दिव्याशेजारची रेघ

डावा तुकडा

यहयाने पातळ निबाने दिव्यापर्यंतची रेघ काळी केली आणि श्वास सोडला.

अबुधाबीतल्या या फ्रेमच्या दुकानात त्याला अकरा वर्षं झाली होती. फाटलेलं, चुरगळलेलं, सगळं तो बेमालूम दुरुस्त करायचा. आजचं पान दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मासिकातलं. दिवेलागणीचं घर. आई शिवतेय, मुलं पाटीवर वाकलेली, बाप खुर्चीत. आणि दिव्याशेजारून, बाप आणि बाकीचे यांच्या मधून, वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ. घडी पडली असणार,

मधला तुकडा

असं त्याला वाटलं होतं. प्रमिला मॅडम हॉटेलांच्या भिंती सजवायचं काम करत. पान त्यांचंच.

"यहयाभाई, हे काय केलंत?"

"फॉल्ट होता मॅडम. झाकला."

"फॉल्ट नाही हो. तेव्हा चित्रं लाकडावर कोरून छापायचे. एवढा मोठा ठोकळा मिळायचा नाही, मग लहान तुकडे स्क्रूने आवळायचे. त्यावर चित्र काढलं की परत सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे, अंक वेळेत निघावा म्हणून. कोरून झाले की पुन्हा जोडायचे. हा त्यांचा सांधा. रेघ आहे म्हणून तर अस्सल."

"म्हणजे बाप एकाने कोरला, पोरं दुसऱ्याने?"

"हो."

"एका खोलीत बसायचे का दोघं?"

त्या हसल्या. "ते नाही ठाऊक. शाई निघेल ना?"

ब्लेडच्या टोकाने त्याने शाई खरवडली. त्या पान घेऊन गेल्या. मग त्याचा हात टेबलाखालच्या पुडक्याकडे

उजवा तुकडा

गेला. आत घरचा फोटो. रत्नागिरीच्या स्टुडिओत त्याची बायको बदरुन्निसा आणि मुलगी हुमेरा एका बाजूला सरकून बसल्या होत्या. मोकळ्या जागी त्याने इथला आपला फोटो चिकटवून सांधा रंगवला होता. हुमेराचं एक स्थळ मोडलं होतं, मुलीचा बाप कधी दिसतच नाही म्हणून. नव्या सोयऱ्यांना बदरुन्निसाने खोटंच सांगितलं होतं, हे ईदला येऊन गेले, फोटोही काढला. शुक्रवारी सोयरे घरी येणार होते. फोटो आज गावाला निघालेल्या राजनबरोबर जायचा होता.

राजन त्याच्याच खोलीवर राहणारा. तो दारात आला.

"यल्ला, चल लवकर, टॅक्सी उभी आहे."

यहया फोटोतल्या सांध्यावरचा रंग खरवडत होता.

"अरे, रेघ दिसायला लागली."

"दिसू दे."

"भाभीला काय सांगू?"

यहयाने पुडकं बांधलं. सोडलं. पुन्हा बांधलं.

"तिला काही सांगू नको. हुमेराच्या हातात दे." त्याने निब पुसलं, शाईच्या बाटलीचं झाकण दोनदा आवळलं आणि दोन्ही राजनच्या खिशात घातलं. "सोबत हे. रेघ झाकायची की नाही, ती बघेल."