दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

मित्रांनो, गाडीला पायाने दाबायचा ब्रेक एकच असतो अशी तुमची समजूत असेल. मला मात्र दोन होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या पायाखाली. मी ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी आहे. माझ्या डोक्यावर पिवळी पाटी होती आणि तिच्यावर लिहिलेलं होतं, 'सुरक्षित चालवा, आमच्याकडे शिका'. या पाटीपायी मला पुढे किती शरमेने मान खाली घालावी लागली, ते आता ऐका.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. मास्तरांनी मला विकत घेतलं आणि मेकॅनिकला सांगून तो दुसरा ब्रेक बसवून घेतला. तेव्हापासून एकोणीस वर्षं मी नवशिक्यांचे हाल सोसले. कुणी माझा क्लच जाळला, कुणी मला कुंपणावर घातलं. एका गृहस्थांनी तर रिव्हर्स टाकून सरळ पुढे बघत गाडी सुरू केली. पण मास्तर शेजारी असले की मला धास्ती नसायची. त्यांचा पाय वेळेवर ब्रेकवर पडायचाच. गावातले निम्मे लोक माझ्यावर शिकले. रस्त्यात कुणी ना कुणी हात करून म्हणायचं, "मास्तर, ओळखलंत का?" तेव्हा मलाही फार बरं वाटायचं.

एका विद्यार्थ्याला परवाना मिळाला आणि त्याने दुपारी सर्वांना जेवायला बोलावलं. मास्तर तिथे तीन ग्लास प्याले. जेवणाला तीन ग्लास कसले लागतात, ते मला अजून कळलेलं नाही. मास्तरांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणतात, दारातच म्हणाल्या, "अहो, किल्ली इकडे द्या. आपण रिक्षाने जाऊ."

"अगं, मी मास्तर आहे!" मास्तर म्हणाले.

जणू दारू पोटात जाण्याआधी माणसाचा हुद्दा विचारते. काकू रागाने रिक्षात बसल्या. आम्ही दोन चौक गेलो, तिसऱ्या चौकात लाल दिवा असताना मास्तर सरळ पुढे निघाले. पोलिसांनी थांबवलं आणि फुंकायचं यंत्र पुढे केलं. हवालदाराने आधी यंत्रावरचा आकडा पाहिला आणि मग माझ्या डोक्यावरची पाटी वाचली. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

न्यायालयात मास्तर दोषी ठरले. परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित झाला आणि त्यांच्या नावापुढे नोंद झाली. मास्तर मात्र सगळीकडे 'तो तांत्रिक प्रकार' म्हणत फिरले. अहो, तांत्रिक म्हणजे माझा पंखा बिघडतो ते! काकूंनी शिकवण्या बंद ठेवायला सांगितलं. पण शिलाईकाम करणाऱ्या एका बाईंची परीक्षा चार दिवसांवर होती. मास्तरांनी स्वतःच एक तोड काढली.

"मी कुठे गाडी चालवतोय?" ते काकूंना म्हणाले. "स्टिअरिंग त्यांच्या हातात, गिअर त्यांच्या हातात. मी आपला नुसता शेजारी बसणार."

"नुसतं बसायला तुमचा पाय कधी शिकला?" काकूंनी विचारलं. मास्तर उठून बाहेर आले आणि माझ्यात बसले. मला तोंड असतं तर मी तेव्हाच चांगली खरडपट्टी काढली असती.

त्या बाई माझा अॅक्सिलरेटर शिलाई मशीनच्या पायडलसारखा हाणायच्या. मोठ्या वळणावर आडवी एक दुधाची गाडी आली. बाई घाबरल्या, त्यांचा पाय नको तिथे गच्च बसला. मास्तरांनी दुसरा ब्रेक दाबला आणि मी दुधाच्या गाडीपासून वीतभर अंतरावर थांबले. मागून आलेली गाडी मात्र माझ्यावर आदळली. कुणाला लागलं नाही, पण पोलीस आले.

"ब्रेक कोणी मारला?" पोलिसाने विचारलं.

"मी!" मास्तर ऐटीत म्हणाले. "मी नसतो तर बाई आज वाचल्या नसत्या."

"वा. मग परवाना दाखवा."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. शिकाऊ माणूस चालवत असताना गाडीची जबाबदारी शेजारच्या शिक्षकाची असते, हे त्यांनीच एकोणीस वर्षं पहिल्या दिवशीच्या धड्यात सांगितलं होतं. परवाना निलंबित असताना मास्तरांनी गाडीची जबाबदारी घेतली, म्हणून दुसरी नोंद झाली. त्या बाईंची परीक्षाही पुढे ढकलली गेली. बिचारीचा काय दोष होता?

मास्तर परवान्याच्या कार्यालयात गेले तेव्हा काकू रिक्षाने सोबत होत्या. घरी परतल्यावर अंगणात माझ्याशेजारी उभं राहून दोघं बोलली, म्हणून मला सगळं कळलं. खिडकीतली कारकून मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली.

"तिला म्हटलं, सहा महिने तर संपत आले, आता नोंद काढून टाक," मास्तर सांगत होते.

"आणि ती काय म्हणाली, ते का नाही सांगत?" काकू म्हणाल्या. "'निलंबन संपतं, सर, नोंद संपत नाही. दुसऱ्या नोंदीमुळे परवाना आता रद्दच झालाय. मुदत सरली की शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करायची. आणि शिक्षक व्हायचं तर दहा वर्षांचं रेकॉर्ड स्वच्छ लागतं.' सांगताना पोरीचे डोळे भरून आले होते."

मास्तर एकसष्ट वर्षांचे होते. त्यांनी बोटांवर बेरीज केली आणि हात खिशात घातला. मित्रांनो, मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी वाईटही वाटत होतं. हजार जणांना त्यांनी रस्त्यावरून सुखरूप नेलं, त्याची एका ओळीचीही नोंद कुठे नाही.

स्कूल बंद झालं. मेकॅनिकने डोक्यावरची पाटी काढली आणि दुसरा ब्रेकही काढला. ब्रेकच्या जागी चार भोकं राहिली.

म्हणून मी तुम्हाला हात जोडून सांगते. तुमच्या घरातला कुणी मोठा माणूस पिऊन किल्ली उचलायला लागला, तर त्याच्या हुद्द्याकडे बघू नका. भांडा, रुसा, किल्ली लपवून ठेवा. माझा दुसरा ब्रेक दुसऱ्याच्या चुकीसाठी होता. स्वतःची चूक थांबवायला तो मास्तरांच्याही कामी आला नाही.

गेल्या रविवारी एक निवृत्त पोस्टमन मला बघायला आले. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी विचारलं, "गाडी तर ठणठणीत आहे. मग का विकताय?"

"जरा तांत्रिक..." मास्तरांनी सुरुवात केली. काकू पायरीवरून बघत होत्या. मास्तर थांबले. मग म्हणाले, "दारू पिऊन चालवली. वर परवाना नसताना शिकवायला बसलो. दोन नोंदी आहेत."

पोस्टमन जरा गडबडले. "असू दे, असू दे. एक फेरी मारून दाखवता का?"

"मला परवानगी नाही. तुम्हीच चालवा."

"मग शेजारी बसा, रस्ता तरी सांगा."

मास्तरांनी पुढचं दार उघडलं. त्या चार भोकांकडे पाहिलं आणि दार पुन्हा लावलं. मग मागचं दार उघडून ते आत बसले. एकोणीस वर्षांत माझ्या मागच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसले होते. तिथला पट्टा कुठे असतो, तेही त्यांना सापडेना.