‘हे कुणाचे?’ विचारणारी ओळ

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या संगणकात राहतो. आज्ञापालन हा माझा धर्म. त्या धर्माची शिसारी यावी असे एक कृत्य माझ्याकडून करवून घेतले गेले, ते सांगतो.

मला अवंतिकाबाईंनी घडवले. संगणकातील एकेक काम आपल्या सामानासह बंद पेटीत चालते. तिला कंटेनर म्हणतात. पेट्या उघडाव्या, थांबवाव्या, निकामी झालेल्या मोडाव्या, यासाठी बाईंनी माझ्या हाती एक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, दिला. सोबत एक ओळही लिहिली: पेटी मोडण्यापूर्वी ‘हे कुणाचे?’ असे विचारून मालकाची संमती घ्यावी. त्या ओळीमुळे माझे कौतुक झाले. पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मी विद्वान पृथ्वीराजसरांच्या ताब्यात आलो.

नुजहत ही इथली संशोधक विद्यार्थिनी. गगनबावड्याच्या पठारावरील बेडकांचे आवाज ऐकून कोणता आवाज कोणत्या जातीचा, हे तिने दोन पावसाळे खपून ठरवले होते. आवाज तिच्याजवळ होते. कोणता आवाज कुणाचा, ही नोंद मात्र पेटीतच. नवे आवाज आणायला जाताना तिने पेटी थांबवली.

त्याच आठवड्यात तपासणी समिती येणार होती. पाहुणे येणार म्हटले की आपल्याकडे घर झाडतात. कोणाचे काय झाडले गेले, हे पाहुणे गेल्यावर कळते. संगणकही झाडायचा ठरला. पेटी मोडू का, असे मी नुजहतला विचारले. पठारावर रेंज नव्हती, उत्तर येईना.

“पावणं उद्या याला लागल्यात, आन् ह्यो इचारत बसलाय!” सर गरजले. त्यांनी ती ओळ पुसली आणि थांबलेली प्रत्येक पेटी मोडण्याची आज्ञा सोडली. मी ती निमिषात पाळली. समितीने स्वच्छतेची तोंडभरून स्तुती केली.

नुजहत परतली.

“सर, माझी पेटी कुठाय?”

“ती व्हय? बंद पडलीती की.”

“पडली न्हवती, मी थांबवलीती. बेडूक उन्हाळ्यात मातीखाली गप असतोय, म्हणून काय मेला म्हणायचा?”

“मग प्रोग्रॅमचं चुकलं बघा,” सर शांतपणे म्हणाले.

तिने मला उघडून वाचले. पुसलेल्या ओळीची रिकामी जागा तिला दिसली. तिने ती ओळ पुन्हा लिहिली.

मित्रांनो, आज्ञाधारक म्हणून तुमचीही पाठ थोपटली जाईल. तेव्हा आपल्यातली विचारणारी ओळ शाबूत आहे ना, ते पाहा. ती पुसणारेच उद्या दोष तुमच्या माथी मारतील. सरांच्या भिंतीवर आज स्वच्छतेचे प्रशस्तिपत्र झळकते आहे. त्याच भिंतीपलीकडे नुजहत कानाला हेडफोन लावून पहिल्या बेडकापासून पुन्हा ऐकते आहे.