अ‍ॅटलासमधले ठिपके

माझ्या भावानं जहाजाचं निम्मं तेल वाचवलं, असं पोंभुर्ण्यात लोक अजून कौतुकानं सांगतात. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही ढिवर. बाबा, मनसाराम, तळ्यात डोंगा घालून मासे धरायचे. प्रफुलदादा शिकून कंटेनरच्या जहाजावर चौथा इंजिनिअर झाला, तेव्हा बाबांनी माझं शाळेतलं अ‍ॅटलास मागून घेतलं. मी चंद्रपूरला कॉलेजात होते. दादा रोज दुपारी जहाज कुठे आहे ते एका ओळीच्या ईमेलनं कळवायचा. मी जटपुरा गेटजवळच्या कॅफेत ते आकडे उतरवून घ्यायची आणि शनिवारी घरी जाऊन पेन्सिलनं समुद्रावर ठिपके मांडायची. बाबा दोन ठिपक्यांच्या मध्ये करंगळी ठेवून बघायचे, जाळ्याचा डोळा, म्हणजे दोन गाठींमधलं भोक, मोजतात तसं. डोळा मोठा असला की खूश व्हायचे.

२००८ साली दादा सुट्टीवर आला आणि बोलता बोलता म्हणाला, "बाबा, आमचं जहाज दिवसाले शंभर टन तेल पिते."

बाबांना पटलंच नाही. "एवढं पळवता काऊन? हळू वल्हवलं त मेहनत अर्धी लागते. जरा उशीर होते, इतकंच."

दादानं ते डोक्यात घेतलं. जहाजावर परतल्यावर इंजिनरूमची जुनी रजिस्टरं काढून त्यानं हिशेब मांडला: वीसऐवजी चौदा नॉटच्या वेगानं गेलं, तर तेवढ्याच अंतराला निम्मं तेल लागतं. कंपनीनं सगळ्या जहाजांना तसा हुकूमच काढला आणि दादाला शाबासकीचं पत्र दिलं. बाबांनी ते फ्रेम करून भिंतीला लावलं. आल्यागेल्याला दाखवायचे आणि म्हणायचे, "अक्कल माही हाय, अक्षर पोराचं."

पुढच्या फेब्रुवारीत बाबांच्या फुप्फुसात पाणी झालं. आम्ही त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, फार तर दहा दिवस. दादाचं जहाज आदल्याच दिवशी आफ्रिकेतल्या डर्बनहून मुंबईकडे निघालं होतं. पूर्वी त्या वाटेला आठ दिवस लागायचे, आता बारा.

मी ईमेल केला. उत्तर आलं: "कॅप्टननं ऑफिसला विचारलं. जहाजावर कोणी आजारी असेल तरच वेग वाढवता येतो. हा नियम मीच लिहून दिला होता, आचल."

बाबांनी दवाखान्यातही पहिल्यांदा अ‍ॅटलासच मागितलं. खरा ठिपका मांडला असता तर करंगळी मध्ये बसलीच नसती. मी तो पुढे सरकवला. रोज सरकवत गेले. बाबा करंगळी ठेवायचे आणि आईला म्हणायचे, "गिरजा, डोळा बराबर हाय. माह्यासाठी पळवून राह्यला पोरगा." तेवढ्यावर दोन घास जास्त खायचे. मला वाटलं, आशेवर तग धरतील. आठव्या दिवसाचा विचार मी केलाच नाही. एवढी शिकलेली मी, आणि एवढं साधं गणित मला दिसलं नाही!

आठव्या दिवशी माझा ठिपका मुंबईला टेकला. बाबांनी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली, दादानं आणलेला शर्ट घातला आणि दाराकडे तोंड करून पडून राहिले. नवव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मुंबई त आली ना? मंग काऊन नाई आला?"

मी रडत सगळं सांगितलं. ठिपके खोटे आहेत, जहाज अजून समुद्रातच आहे, दादाचा काही दोष नाही.

बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "भावाले वाचवून राह्यली का, पोरी?" आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर ते कोणाशी बोलले नाहीत. दहाव्या दिवशी सकाळी गेले.

दादा त्यानंतर तीन दिवसांनी पोचला. आईजवळ बसला, रडला. मग अ‍ॅटलास उघडून बघत राहिला. रोजचे आकडे त्यानंच पाठवले होते, ठिपके पुढे सरकवलेत हे त्याला समजायला वेळ लागला नाही.

"बाबाले वाटलं, मी मुंबईले उतरलो आन आलोच नाई?"

मी हो म्हटलं. आणखी एक खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

दादा उठला आणि भिंतीवरची ती फ्रेम काढायला त्यानं हात वर केला.

"राहू दे," आई म्हणाली. "तुह्या बाबाची अक्कल हाय ते."