राखून ठेवलेली रायफल

एका पत्राला कित्येक वर्षे उत्तर आले नाही, आणि त्या पत्राचा विषय मी होते. म्हणून आधी पत्राविषयी सांगते, मग माझ्याविषयी. मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. बंदुकीने आपले आयुष्य सांगावे का आणि ते तुम्ही ऐकावे का, याची मला खात्री नाही. नको वाटले तर इथेच थांबा. मला वाईट वाटणार नाही.

ते पत्र २००२ सालच्या वसंतात, यॉर्कशरमधल्या एका लहान गावात, मिस्टर होलरॉईड यांच्या बंदुकांच्या दुकानात लिहिले गेले. मी काउंटरमागच्या भिंतीवर टांगलेली होते. लिहिणारी होती शिल्पा. तिला शेजारच्या जंगलात राखणदाराची नोकरी लागली होती. ती इंग्लंडमध्येच जन्मलेली. मराठी भरभर बोलायची, पण लिहायला बसली की एकेक शब्द पुटपुटायची. त्यामुळे मला सगळे पत्र ऐकू आले.

"बाबा, मला पहिला रायफल घ्यायचा आहे. हरणं फार झाली आहेत, ती सगळी रोपं खातात, म्हणून काही मारावी लागतात. पैसे थोडे आहेत. एकच रायफल कोल्ह्यापासून मोठ्या हरणापर्यंत चालला पाहिजे. कुठल्या मापाचा घेऊ, टू-टू-थ्री, टू-फोर-थ्री की थ्री-ओ-एट? तुम्ही वाचून सांगा."

पत्राचा अर्थ तिने इंग्रजीत सांगितला तेव्हा मिस्टर होलरॉईड हसले. "तुझे वडील शिकारी आहेत का?"

"छे! हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, नॉटिंगहॅमला. त्यांनी आयुष्यात माशीसुद्धा मारली नाही. पण त्यांना विचारल्याशिवाय मी टोस्टरसुद्धा घेतला नाही."

हे खरे होते. तिची पहिली सायकल, पहिला कॉम्प्युटर, पहिली गाडी, सारे काही तिच्या वडिलांनी, दादासाहेबांनी, लायब्ररीत बसून, वाचून ठरवले होते. 'तुम्ही वाचून सांगा' हे त्या घरातले रोजचे वाक्य होते. पण त्याच घरात दररोज सकाळी पंचशीलही म्हटले जात असे, आणि त्यातले पहिले शील कोणत्याही जीवाला न मारण्याचे. शिल्पा मापाबद्दल विचारत होती आणि खरे म्हणजे परवानगी मागत होती. मला तेव्हा ते कळले नाही. बहुधा तिलाही कळले नसावे.

मिस्टर होलरॉईड यांनी माझ्या गळ्यात 'राखून ठेवली' अशी चिठ्ठी अडकवली आणि आम्ही पत्राच्या उत्तराची वाट पाहू लागलो.

आता थोडे माझ्याविषयी. माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, गोळी आत सरकवणारा साधा बोल्ट, नक्षी नाही. माझ्या नळीच्या आतल्या मापाला, म्हणजे कॅलिबरला, टू-फोर-थ्री म्हणतात. माझा पहिला मालक एक शेतकरी होता. गुडघे गेल्यावर त्याने मला विकले आणि जाताना दस्त्यावर दोनदा थोपटले. तेवढेच माझे कौतुक. दुकानात चकचकीत नव्या रायफलींच्या रांगेत मी संकोचून राही. गिऱ्हाईक माझ्याकडे बघे, किंमत बघे आणि पुढे जाई. मला कुणी निवडावे असे माझ्यात काय आहे, हे मला कधीच समजले नाही.

शिल्पा दर शनिवारी येई. "आलं का उत्तर?" मिस्टर होलरॉईड विचारत. ती मान हलवी. मला खांद्याला लावून बघे आणि पुन्हा ठेवून देई. शेवटी पोलिसांच्या परवान्याचा अर्ज भरायची वेळ आली. त्यात कॅलिबर आधीच लिहावे लागते. मिस्टर होलरॉईड म्हणाले, "पोरी, टू-टू-थ्री इथल्या हरणांना कायद्यानं चालत नाही. थ्री-ओ-एट चांगली, पण खांद्याला दणका देते. नवशिक्याला दणक्याची भीती बसली की नेम चुकतो, आणि नेम चुकला की जनावर तडफडतं. ही म्हातारी घे. वाचलेले पैसे नेमाच्या दुर्बिणीवर घाल."

शिल्पाने अर्जात टू-फोर-थ्री लिहिले. वडिलांच्या उत्तराशिवाय घेतलेली ती तिची पहिली वस्तू. परवाना आला आणि मी तिच्या घरी गेले. मला पेटीत ठेवताना ती आनंदी दिसत नव्हती.

त्यानंतरची वर्षे कामाची होती. पहाटेचे गवत, ओली पाने, एक आवाज, आणि मग शांतता. प्रत्येक वेळी ती हरणाजवळ जाऊन आधी टोपी काढी आणि क्षणभर डोळे मिटून उभी राही. आम्ही दोघी नीट काम करत होतो. वाढू लागलेली रोपे मी स्वतः पाहिली. तरीही मी करते ते चांगले की वाईट, याचे उत्तर मला कधी सापडले नाही. ज्यांनी ते वाचून सांगायचे, ते गप्प होते.

नॉटिंगहॅमहून फोन येई तो आईचा, गयाबाईंचा. "बाबा कसे आहेत?" शिल्पा विचारी. "वाचतायत," त्या म्हणत. "तू ये ना गं घरी. तो माणूस काही स्वतःहून बोलणार नाही." शिल्पा म्हणे, "बघते." दोन्हीकडे हट्ट नव्हता, मित्रांनो. दोन्हीकडे भिडस्तपणा होता, आणि तो हट्टापेक्षा जास्त टिकतो.

मग एका हिवाळ्यात गयाबाई गेल्या. शिल्पा अंत्यविधीहून परत आली ती वेगळीच होऊन. बापलेक तिथेही चहा आणि ट्रेनच्या वेळा यांवरच बोलले होते. त्या दिवसांत तिने माझ्याकडे पाहिले नाही. पावसात भिजलेली मी तशीच गाडीत राहिले. गाडी एका खड्ड्यात गेली, पेटी आपटली आणि माझी दुर्बीण किंचित सरकली. एरवी शिल्पा कागदाच्या निशाण्यावर नेम तपासून मगच जंगलात जाई. त्या वेळी तिने तपासला नाही.

गोळी एका हरिणीच्या मागच्या पायाला लागली. ती पळाली. शिल्पा रक्ताच्या थेंबांमागून दुपारपर्यंत फिरली तेव्हा ती सापडली, जिवंत. पुढचे मी सांगत नाही. घरी आल्यावर शिल्पाने मला टेबलावर ठेवले, फोन उचलला, नॉटिंगहॅमचा नंबर फिरवला आणि घंटी वाजायच्या आत खाली ठेवला.

काळजी न घेतलेली वस्तू बिघडते, एवढेच सगळे सांगतात. तिच्या बिघाडाचे दुःख भलत्याच कुणाला भोगावे लागते, हे मी त्या दिवशी शिकले.

२००८ च्या हिवाळ्यात मिस्टर होलरॉईड यांनी माझ्या नळीत दिवा धरून पाहिले आणि मान हलवली. नळी आतून झिजली होती. नवी बसवण्याएवढी माझी किंमत नव्हती. गयाबाईंच्या स्मृतिदिनी फोनवर बोलताना शिल्पा सहज म्हणाली, "माझा रायफल आता जाणार, बाबा. त्याचे तुकडे करतील."

पलीकडे पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग दादासाहेब म्हणाले, "माझी रायफल. तिचे तुकडे. रायफल स्त्रीलिंगी आहे." आणि मग, "जाण्याआधी मला बघू दे."

इतकी वर्षे मी त्या घरात 'तो' होते. त्या दिवशी पहिल्यांदा 'ती' झाले.

दादासाहेब लीड्सपर्यंत ट्रेनने आणि पुढे बसने आले. बारीक, वाकलेले, कोटाच्या दोन्ही खिशांत पुस्तके. माझ्याकडे त्यांनी लांबूनच पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी दार ठोठावत आला. वळणावर एका गाडीने हरिणीला उडवले होते आणि ती उठू शकत नव्हती. शिल्पाने मला घेतले. दादासाहेब मागोमाग आले.

रस्त्याकडेच्या बर्फात ती पुढच्या पायांवर उठायला बघत होती. मागचा भाग हलत नव्हता. "बाबा, तिकडे बघा," शिल्पा म्हणाली. त्यांनी मान वळवली नाही. माझी ती शेवटची गोळी.

परत येताना त्यांनी विचारले, "तिला कळलं का गं?"

"नाही बाबा. आवाजसुद्धा पोचला नसेल तिच्यापर्यंत."

"मी तेव्हा सगळं वाचलं होतं," ते म्हणाले. "लायब्ररीतल्या बाईला रायफलींची पुस्तकं मागितली, तर तिनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पोलिसांना बोलावते की काय असं वाटलं मला."

शिल्पा हसली आणि हसता हसता रडू लागली. "मग लिहिलं का नाही?"

"हो म्हणवेना. नाही म्हणवेना. तिसरं काही पुस्तकात मिळतं का बघत राहिलो. तुझी आई म्हणायची, अहो, पोरीला दोन ओळी तरी टाका." त्यांनी बुटावरचा बर्फ झटकला. "ती असतानाच टाकायला हव्या होत्या."

दुपारी शिल्पा मला शेवटचे तेल लावत होती. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला दादासाहेब लिहीत होते. कागद माझ्या शेजारीच होता. 'प्रिय शिल्पा, तुझे पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला, क्षमा कर. तू विचारलेस कोणती घ्यावी. टू-फोर-थ्री घे. जुनी असली तरी चालेल. मला भीती वाटते, तरीही घे. मारावे लागेल तेव्हा त्या जीवाला कळू देऊ नकोस. आणि घरी येत जा.'

त्यांनी पाकिटावर तिचाच पत्ता लिहिला.

"बाबा, मी इथेच आहे. हातात द्या ना."

"तुझं पत्र पोस्टानं आलं होतं."

"आणि हा सेकंड क्लासचा स्टॅम्प! परवा येणार ते."

"इतकी वर्षं थांबलीस, अजून दोन दिवस थांब."

परवा मी इथे नसेन. उद्या सकाळी मिस्टर होलरॉईड मला नेणार आहेत. मित्रांनो, माझ्यासाठी काही मागणे नाही. लोखंड आहे, वितळेल. पण तुम्हाला कुणी काही विचारले असेल आणि पक्के उत्तर सुचत नसेल, तर 'मला सुचत नाही' एवढे तरी त्यांना कळवा. वाट पाहणाऱ्याला तेवढेही पुरते.

दादासाहेब काठी टेकत, बर्फातून, कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीपाशी गेले. शिल्पा खिडकीत उभी होती, हातात तेलाचे फडके. ते तिथे फार वेळ थांबले. पाकीट अर्धे आत, अर्धे बाहेर.

"सोडा बाबा," ती काचेशी पुटपुटली.

त्यांनी सोडले.