आपोआप

आमच्या घरात आपोआप काही होत नाही. दूधसुद्धा आपोआप उतू जात नाही, कारण आमचे हे, म्हणजे शेषेराव, गॅससमोर पहारा देत उभे असतात. दाराची कडी मी लावली तरी ते येऊन पुन्हा हलवून बघतात. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीच्या अलीकडचं त्यांचं गाव बसलं, तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं आहे. "आपोआप फक्त भिंत पडती. बाकी समदं हातानं करावं लागतंय."

लातूरच्या आयटीआयमध्ये ते पोरांना वायरमनचं काम शिकवतात. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी विंडोज काढून लिनक्स घातलं, कारण विंडोज म्हणे न विचारता काहीबाही करतं आणि लिनक्स सांगू तेवढंच करतं. सांगू तेवढं ऐकणारं घरात दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे मी काही बोलले नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत आमच्या सृष्टीचा व्हेटर्नरीचा फॉर्म भरायचा होता. पोरगी मेडिकलला थोडक्यात हुकली होती. ह्यांचं मत, अजून एक वर्ष क्लास लावावा. ट्यूशन एरियाच्या मागच्याच गल्लीत राहून पोरगी डॉक्टर झाली नाही तर लोक तोंडात शेण घालतील. सृष्टीला उदगीरला जाऊन जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. चाकूरला माझ्या माहेरी म्हैस अडली तेव्हा ही कोपरापर्यंत बरबटून डॉक्टरच्या हाताखाली उभी होती, आणि तेव्हापासून हेच डोक्यात. तिनं आठ दिवस बापाशी अबोला धरला, तेव्हा कुठे ते म्हणाले, भर बाई, पण घरच्या कॉम्प्युटरवर, माझ्यासमोर.

दोन वाजता बसलो, तर वेबसाइट उघडेना.

त्या लिनक्समध्ये नेटवर्क स्वतःच जुळवून घेणारं एक काहीतरी असतं. कॉम्प्युटर सुरू झाला की ते तारेवर हाक मारतं, मला पत्ता द्या, रस्ता सांगा, आणि जो पहिला ओ देईल त्याचं निमूट ऐकतं. ह्यांना हे मुळातच पटलेलं नव्हतं. त्यांनी एक फाईल उघडली आणि त्या रस्त्याचे आकडे हातानं लिहिले. फाईलच्या डोक्यावरच इंग्रजीत सूचना होती की इथं हातानं लिहू नका, पुसलं जाईल. ह्यांनी लिहिलं. वेबसाइट उघडली, सृष्टीनं नाव आणि जन्मतारीख टाकली, तोवर त्या स्वतःच जुळवणाऱ्यानं लिहिलेलं पुसलं आणि पान गायब. परत लिहिलं, परत पुसलं. पाचव्यांदा चिडून त्यांनी ते आपोआपवालं बंदच केलं, तर सगळंच मेलं. शिव्या देत पुन्हा चालू केलं.

नेट व्यवस्थित आहे हे मला पटवायला त्यांनी फिजिक्सचा एक प्रश्नसंच उघडून दाखवला. तो मेला धडाधड उघडला.

कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत सहापर्यंत लोडशेडिंग होतं. आमच्याकडे वीज होती ती शेजारच्या चन्नबसप्पाच्या होस्टेलच्या जनरेटरची. त्याची वीज आम्हाला, आमचं इंटरनेट त्याला, अशा भिंतीवरून दोन तारा गेलेल्या.

सव्वाचार झाले. सृष्टी खुर्चीवरून उठली. आवाज चढवला नाही पोरीनं. "पप्पा, तुम्हाला फॉर्म भरायचाच न्हाई ना?"

हे पुन्हा तेच आकडे लिहायला लागले. खोटं कशाला सांगू, मलाही तोच संशय आला होता. मला त्यांचा भयंकर राग आला. पण कपाळावरचा घाम बघून वाटलं, नाटक करणाऱ्याला इतका घाम येत नाही. मग माझंच डोकं चालायला लागलं. गेले चार दिवस माझ्या लोणच्याच्या पाककृतीसुद्धा उघडत नव्हत्या. फिजिक्स मात्र उघडत होतं.

"अहो," मी म्हटलं, "रविवारी चन्नबसप्पाकडं काय बसवून आलात?"

रविवारी हे दिवसभर होस्टेलवर होते. पोरं अभ्यास सोडून क्रिकेट बघतात म्हणून ह्यांनी तिथं एक जुना कॉम्प्युटर बसवला होता. अभ्यासाचं तेवढं चालू, बाकी सगळं बंद. पोरांना काही निवडायची सोयच ठेवली नव्हती. तारेला जोडलेल्या कुठल्याही मशीननं हाक मारली की हा आधी ओ देणार आणि आपला नियम गळ्यात घालणार, आपोआप. जेवताना हे सगळं मोठ्या अभिमानानं सांगितलेलं. पण इंटरनेटची तार तर त्यांची अन् आमची एकच होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तो असा.

ह्यांनी डोक्याला हात लावला. सृष्टीकडे वळले. "मीच केलंय की गं हे," म्हणाले, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी अनवाणी भिंतीवरून उडी मारली.

दोनच मिनिटांत होस्टेलवरून साठ पोरांचा कल्ला ऐकू आला. स्कोअर उघडला असणार. आमचं पानही उघडलं. हे गुडघा खरचटून परत आले, सर्टिफिकेटांचे नंबर एकेक वाचून सांगत बसले. पहिल्या पसंतीला सृष्टीनं उदगीर टाकलं, तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, पिनकोड बघ, चुकू नको. पाचाला आठ मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. सृष्टीनं त्यांच्या गुडघ्याला हळद लावली, आणि आठ दिवसांच्या अबोल्याची उरलीसुरली अढी तिथंच संपली.

दिवेलागणीला चन्नबसप्पा तणतणत आले. होस्टेलात जत्रा भरलीय, एक पोरगं पुस्तक उघडीना, मशीन कशानं बंद पडलं ते येऊन बघा म्हणाले. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्या मशीनची तार ह्यांच्या खिशातून वीतभर बाहेर लोंबत होती.

ती खिशात कोंबत हे म्हणाले, "आपोआप पडलं असंल, अण्णा. व्हतंय तसं कवा कवा."