घरघरीचं इंग्रजी

"ऐकलंत?" सिग्नलला गाडी थांबल्यावर शुभदा म्हणाली.

"ऐकतोय," निशिकांत म्हणाला. "आणि हे बघ, तिथे गेल्यावर तू काही बोलू नकोस. काय बोलायचं ते मी बोलेन."

गाडी न्यूट्रलमध्ये उभी होती आणि पायांखालून कुठून तरी बारीक घरघर येत होती. निशिकांतने क्लच दाबला की आवाज बंद, सोडला की पुन्हा सुरू. सिग्नल सुटला आणि गाडी सिंगापूरच्या आंग मो किओ भागाकडे निघाली. तिथल्या इंडस्ट्रियल पार्कात गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर होतं आणि आज तिथे नवराबायको दाद मागायला चालले होते.

दाद मागायची, कारण कंपनीने वॉरंटी नाकारली होती. उत्तर दोन ओळींचं होतं. आवाज चुकीच्या पद्धतीने गिअर टाकल्यामुळे येत आहे, सबब दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. उत्तरात कुणाचं नाव नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. घरात गाडी चालवणारी माणसं दोनच. एक निशिकांत, जो कॉलेजात असल्यापासून वडिलांची फियाट पुण्याच्या गल्लीबोळांतून काढत आला होता. दुसरी शुभदा, जिने पन्नाशी उलटल्यावर लायसन काढलं, तेही दोनदा नापास होऊन.

खरं तर तिलाही ऑटोमॅटिकचं लायसन घेता आलं असतं. सिंगापुरात आता सगळे तेच घेतात. पण निशिकांतच्या मते ऑटोमॅटिक ही गाडीच नव्हे, ते लहान मुलांचं खेळणं. त्याने हट्टाने मॅन्युअल गाडी शोधून आणली, मग बायकोलाही मॅन्युअल शिकणं भागच होतं. चढावर गाडी मागे घसरायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा तिने पेढे वाटले, आणि ऑफिसातल्या चिनी मुलींना ते कशाबद्दल ते सांगताना ती लाजलीसुद्धा.

त्यानंतर दर रविवारी सकाळी ती एकटी क्रांजीच्या नर्सरीत जायची. क्वीन्सटाउनच्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मुळात जागा किती! कुंडी एखादीच यायची, जाणं महत्त्वाचं. वीस वर्षं या शहरात ती ट्रेन नेईल तिथे नाहीतर निशिकांत नेईल तिथे गेली होती. आता ती स्वतःच्या मनाला येईल तिथे वळायची आणि त्याचं तिला इतकं अप्रूप होतं की कुणाला सांगायचीही चोरी.

ते उत्तर आल्यापासून तिने किल्लीला हात लावला नव्हता. निशिकांत तिला एका शब्दाने बोलला नाही. "राहू दे, मीच सोडतो तुला," एवढंच म्हणायचा, आणि तेही इतक्या गोडीने की भांडायलाही जागा नसायची.

"आई, ग्रॅबची टॅक्सी घे ना," मुलगी अनुया म्हणाली होती. "व्हाय सो स्ट्रेस्ड, लाह? इट्स ओन्ली अ कार."

पण शुभदाला घोर गाडीचा नव्हताच. आपल्या हातून खरंच काही बिघडलंय का, हा घोर होता. रॅफल्स प्लेसच्या एका कंपनीत हिशेब तपासण्यात तिचा जन्म गेला. दुसऱ्याची चूक तिला चटकन सापडायची. स्वतःची मात्र काही केल्या सापडत नव्हती. एमआरटी ट्रेनमध्ये उभ्याउभ्या तिचा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा, डावा हात पर्सच्या पट्ट्यावर पहिला, दुसरा, तिसरा टाकून बघायचा. कुठे चुकतंय? दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना? शेजारचे लोक तिच्याकडे बघून जरा सरकून उभे राहायचे.

सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर डेस्मंड तिशीतला, चष्मा लावलेला, अतिशय नम्र. त्याने टॅबलेटवर केस उघडली आणि तेच पुन्हा वाचून दाखवलं. ग्राइंडिंग नॉइज. ग्राइंडिंग म्हणजे ड्रायव्हरची चूक.

निशिकांतने घसा साफ केला. त्याचं एक शास्त्र होतं. नडायचं नाही, नमतं घ्यायचं. चूक आपलीच म्हणून हात जोडले की समोरचा विरघळतो आणि म्हणतो, बरं बरं, या वेळी जाऊ दे. या शास्त्रावर त्याने पुण्यात महापालिकेपासून शाळाप्रवेशापर्यंत सगळी कामं करून घेतली होती.

"यू सी," तो हसून म्हणाला, "माय वाइफ इज न्यू ड्रायव्हर. लर्न्ट व्हेरी लेट. लेडीज, यू नो. सो गिअर मे बी लिटल राँग. काइंडली कन्सिडर."

शुभदाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने हे घरी मनात म्हटलं असेल, हे तिला ठाऊक होतं. पण परक्या माणसासमोर, तिच्या शेजारी बसून, हसत? तिला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

डेस्मंड विरघळला नाही. तो टाइप करू लागला.

"सो कस्टमर अग्री, राँग शिफ्टिंग. ओके. आय पुट दॅट, केस कॅन क्लोज."

"नो, नो!" निशिकांत दचकला. "नॉट अग्री. ओन्ली रिक्वेस्टिंग!"

"सर, यू जस्ट से."

आता मात्र शुभदाला राहवेना. तिने विचारलं, "हू सेड ग्राइंडिंग?"

डेस्मंडने टॅबलेट तिच्याकडे वळवला. तक्रार निशिकांतने भरली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, मी ग्राइंडिंग कधी म्हटलं?"

"तू घरघर म्हणालीस."

"मग?"

"मग घरघर म्हणजे ग्राइंडिंगच! जातं नाही का घरघरत? आणि जात्यावर करतात ते काय? ग्राइंडिंग."

"मी गाडीबद्दल बोलत होते. जात्याचं नाव कुणी काढलं?"

डेस्मंड दोघांकडे आळीपाळीने बघत होता. शुभदाने त्याला विचारलं, तुमच्या भाषेत ग्राइंडिंग म्हणजे नक्की काय? त्याने दोन्ही मुठी एकमेकींवर घासल्या आणि तोंडाने क्रर्र केलं. गिअर टाकताना दात दातांवर आपटतात, तो आवाज.

"दॅट नेव्हर कम्स," शुभदा म्हणाली. "गिअर टाकताना नेव्हर. स्टँडिंग स्टिल, तेव्हा येतो. कम. आय विल शो."

तिने निशिकांतपुढे हात पसरला. किल्ली त्याच्या खिशात होती.

"मी चालवतो ना," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही मागे बसा."

ती चालवायला बसली, डेस्मंड शेजारी, निशिकांत मागे. आता जरा हात चुकला की निशिकांत म्हणाला ते खरं ठरणार, तेही साक्षीदारासह. आणि पहिल्याच झटक्याला गाडी बंद पडली. मागच्या सीटवरून निशिकांतने श्वास सोडल्याचं तिला ऐकू आलं. डेस्मंड समोर बघत राहिला. तिने पुन्हा चालू केली. पहिला. दुसरा. फाटकाबाहेर तिसरा. गिअर लोण्यात सुरी शिरावी तसे पडत होते. फेरी मारून परत येताना वर्कशॉपच्या वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या चढावर पुढचा टेम्पो नेमका थांबला आणि तिला तिथेच गाडी धरून ठेवावी लागली. गाडी बोटभरही मागे गेली नाही.

वर पोचल्यावर तिने न्यूट्रल केलं, क्लच सोडला. घरघर. क्लच दाबला. काही नाही. सोडला. घरघर.

"अगेन," डेस्मंड म्हणाला आणि कान डॅशबोर्डखाली नेला. तिने पुन्हा करून दाखवलं.

"धिस वन नॉट ग्राइंडिंग, मॅडम. धिस वन मे बी बेअरिंग."

"घरघर," शुभदा म्हणाली.

"गर-गर," त्याने म्हणून बघितलं आणि मान हलवली.

पण त्याने लगेच हो म्हटलं नाही. गिअरबॉक्स उघडून बघावा लागेल. बेअरिंग खराब निघालं तर वॉरंटी. दात झिजलेले निघाले तर मघाशी सर जे बोलले तेच कायम. गाडी तिथेच ठेवून दोघं ट्रेनने परतली.

"बघ," बसायला जागा मिळाल्यावर निशिकांत म्हणाला, "नमतं घेतलं म्हणून त्याने ऐकून तरी घेतलं."

शुभदाला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि त्या रागाखाली भीती होतीच: दात झिजलेले निघाले तर? मग तर रागवायचाही हक्क उरणार नव्हता. गिअरबॉक्स उघडून होईपर्यंतचे सगळे दिवस ती जेवली ते फक्त ताट समोर आलं म्हणून.

डेस्मंडचा फोन ऑफिसात आला. काय सापडलं हे तो फोनवर सांगेना, येऊन बघा म्हणाला. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निशिकांतला न सांगता, फक्त अनुयाच्या कानावर घालून गेली.

टेबलावर गिअरबॉक्स उघडून ठेवला होता. आपण अडीच वर्षं ज्याच्या भरवशावर फिरलो ते पोटातून असं दिसतं, हे बघून तिला उगीचच संकोच वाटला. डेस्मंडने आधी बेअरिंग दाखवलं. आतल्या कडीला खड्डे पडले होते. कंपनीचा दोष, वॉरंटीत होईल, तो म्हणाला. मग त्याने टॉर्च पुढे सरकवला आणि दातेरी चाकं एकेक करून फिरवली.

"लुक, मॅडम. टीथ. लाइक न्यू."

शुभदाने वाकून बघितलं. दातांच्या कडा जशाच्या तशा होत्या, कुठे खरचटल्याची खूण नव्हती. दर वेळी पाय दाबून, हात सावकाश नेऊन तिने जे केलं होतं ते बरोबर होतं, आणि ते इथे, कुणालाही न दिसणाऱ्या जागी, तेलात राहिलं होतं. तिने एका दातावरून बोट फिरवलं.

तेवढ्यात निशिकांतचा फोन आला. अनुयाने त्याला सांगितलं असावं.

"काय म्हणाले?"

"बेअरिंग आहे. वॉरंटीत करून देतायत."

"बघ! मी म्हणत नव्हतो? रिक्वेस्ट केली की माणूस..."

"आणि दात शाबूत आहेत."

"कुणाचे?"

"माझे," शुभदा म्हणाली.

तिने फोन ठेवला आणि डेस्मंडला विचारलं, गाडी रविवारच्या आत मिळेल का?