मामावर

पारा शंभराच्या रेषेला टेकला होता, की किंचित पुढे गेला होता — थर्मामीटर खिडकीच्या उजेडात तिरपं धरून तो बघत राहिला. कानात पुन्हा तोच ठणका. टेबलावर बांधणीला आलेलं, अर्धवट शिवलेलं पुस्तक, सुई दोऱ्यासकट तशीच लोंबत... लहानपणी कान, मग सायनस, मग दोनदा न्यूमोनिया. आई म्हणायची, "याला वारासुद्धा बाधतो," आणि पाणी उकळत राहायची. ती गेली तोवर कुणालाच काही कळलं नव्हतं. एकतिसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं — जंतूंशी लढणारी प्रथिनं याच्या रक्तात जन्मापासूनच नव्हती. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी अनोळखी माणसांच्या रक्तातली ती उसनी प्रथिनं, शिरेतून, थेंब थेंब. आणि गेल्या सोमवारी त्याच बाई म्हणाल्या होत्या, "हा दोष आईकडून मुलाला येतो. बहिणीतही तो लपलेला असू शकतो, तिची तपासणी करून घ्या. लवकर."

धाकटीला पाचवा महिना होता.

दुपारी ती डबा घेऊन आली. सवयीने दाराजवळच्या खुर्चीत, लांब बसली.

"पुन्हा ताप ना दादा? चेहराच सांगतोय."

"थोडासा."

"मुलगा झाला तर मामावर जाऊ दे बाई. तुझ्यासारखा शांत."

चार दिवस त्याने शब्द जुळवले होते. ते सगळे विसरून त्याने तीन वाक्यांत सांगून टाकलं, औषधाची चिठ्ठी वाचावी तसं.

ती रडली नाही. डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"आणि निघालंच तर?"

"ते तुम्ही दोघांनी ठरवायचं."

"तूच सांग. खरं सांग हं... जन्मलोच नसतो तर बरं, असं वाटलंय तुला कधी?"

वाटलं होतं. बाविसाव्या वर्षी, ऑक्सिजनच्या नळीखाली, छाती भात्यासारखी हलत असताना — प्रत्येक श्वासाला वाटलं होतं. पण हो म्हटलं तर तो शब्द सरळ तिच्या पोटापर्यंत जाणार. आणि नाही म्हटलं, तर उद्या तीच नळी तिच्या मुलाच्या नाकात... ती वाट बघत होती. त्याला एकदम राग आला. तिचा नव्हे. डॉक्टरांचाही नव्हे. मी नसतो, तर — हे कुणी मोठ्याने म्हणावं, याचाच. इतकी वर्षं तो स्वतःच ते मनात म्हणत आला होता, आणि आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते त्याला सहन होत नव्हतं.